शंभराच्या खालची ओळ

सप्रेम नमस्कार,

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहे. आम्ही ब्रेक पेडलचा ब्रॅकेट बनवतो. पत्र्याचं ब्लँकिंग, मग फॉर्मिंग, मग त्यावर एम-8 चा नट प्रोजेक्शन वेल्डिंगने (नटखालचे छोटे उंचवटे, म्हणजे प्रोजेक्शन, करंटने वितळवून) बसवायचा आणि शेवटी कोटिंग. पुढच्या महिन्यात कस्टमरचं ऑडिट आहे आणि प्रोसेसचा एफएमईए, म्हणजे बिघाडांची यादी, नव्याने भरायचं काम माझ्याकडे आलंय. एकूण 64 ओळी झाल्या. मालकांचा नियम असा, की आरपीएन, म्हणजे धोक्याचा आकडा, 100 च्या वर असेल त्याच ओळीवर काम करायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. तशा 11 ओळी निघाल्या. सगळ्यात वर कोटिंगवरचे ओरखडे आहेत, 180. नट सुटण्याची ओळ 90 वर आहे, म्हणजे नियमाप्रमाणे तिथे काहीच करायचं नाही. मला हे पटत नाही, पण आकडे तर मीच भरलेत. दोन वर्षांत नट सुटल्याची एकही तक्रार नाही, नट दाबून वेल्ड तोडून बघायची पुश-आउट टेस्टही कधी फेल गेली नाही. ओरखड्यांच्या तक्रारी मात्र सहा महिन्यांत चार आल्या. वेल्डिंगवरचे मामा म्हणतात, "मॅडम, मशीन कधीकधी दगा देतं, पण कागदावर काही लिहू नका." त्यात ऑडिटच्या आधी 100 च्या वरचे आकडे "जरा खाली आणा" असंही मला सांगितलंय. सुधारणेसाठी दीड लाखापर्यंत खर्च मंजूर होऊ शकतो. मी सुरुवात कुठून करू? मार्चपासून नटचा सप्लायर बदललाय, त्याने काही फरक पडतो का?

— एक वाचक, भोसरी

नमस्कार मॅडम,

तुम्हाला जे पटत नाहीये ते न पटण्यासारखंच आहे. नट सुटण्याची ओळ आधी घ्या. ओरखड्यांवरही काम करा, पण त्याच्या मागून. आता असं का म्हणतोय ते सविस्तर सांगतो, कारण हे तुम्हाला मालकांसमोर आणि ऑडिटरसमोर मांडायचं आहे, आणि "मला वाटतं" एवढ्यावर तिथे भागणार नाही.

इतर वाचकांसाठी थोडक्यात: एफएमईए म्हणजे काम बिघडण्याआधी ते कुठे, कसं आणि कशामुळे बिघडू शकतं याची यादी. प्रत्येक बिघाडाला तीन आकडे द्यायचे, 1 ते 10. बिघाड झालाच तर परिणाम किती गंभीर, म्हणजे तीव्रता. तो घडण्याची शक्यता किती. आणि घडला तर माल बाहेर जाण्याआधी आपल्याला तो सापडणार का, यात सापडणं जितकं अवघड तितका आकडा मोठा. तिन्हींचा गुणाकार म्हणजे आरपीएन. अमेरिकन सैन्याने ही पद्धत 1949 साली लेखी स्वरूपात आणली, पुढे अपोलो मोहिमांत ती वापरली गेली, आणि सत्तरच्या दशकात फोर्डमुळे ती मोटारींच्या धंद्यात रुजली. आज चाकण-भोसरीतल्या कुठल्याही ऑटो व्हेंडरच्या कपाटात ही फाइल असते.

आता तुमचे आकडे. नटच्या ओळीत तुम्ही तीव्रता 9, शक्यता 2, सापडणं 5 असं धरलं असणार, म्हणजे 90. ओरखड्यांच्या ओळीत 5, 6 आणि 6, म्हणजे 180. कागद असं सांगतो, की ओरखडा हा नट सुटण्याच्या दुप्पट महत्त्वाचा. ब्रेक पेडलच्या ब्रॅकेटवर! तुमच्या मनाने इथे जी हरकत घेतली, ती भावनेच्या भरात नाही. या गुणाकारातच मोठा दोष आहे.

तीव्रता, शक्यता आणि सापडणं या तीन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. त्यांचे क्रमांक गुणले, की एकाची भरपाई दुसरा करून टाकतो. 10 × 2 × 5 म्हणजे 100, आणि 5 × 4 × 5 म्हणजेही 100. पहिल्यात माणसाचा जीव जाऊ शकतो, दुसऱ्यात फार तर ग्राहक वैतागेल. गुणाकाराला दोन्ही सारखेच. तीन आकड्यांच्या 1000 जोडण्या होतात, पण गुणाकार वेगवेगळे येतात फक्त 120. म्हणजे 1 ते 1000 ही पट्टी दिसायला बारीक असली तरी मध्ये मोठमोठ्या फटी आहेत, आणि एकेका आकड्याखाली भलत्याच दोन-चार परिस्थिती एकत्र बसलेल्या आहेत. 90 आणि 100 यांत रेघ ओढण्याला काही आधार नाही.

हे मी एकटाच म्हणत नाही. अमेरिकेतली एआयएजी ही वाहनउद्योगाची संस्था जे एफएमईए मॅन्युअल काढते, त्याच्या 2008 च्या चौथ्या आवृत्तीतच म्हटलंय, की आरपीएनची ठरावीक मर्यादा घालून त्यावरून काम करायचं की नाही हे ठरवू नये. पुढे 2019 मध्ये एआयएजी आणि जर्मनीची वाहनउद्योग संघटना व्हीडीए यांनी मिळून नवं हँडबुक काढलं, त्यात तर आरपीएनच काढून टाकला. त्याजागी 'अॅक्शन प्रायॉरिटी' आली: हाय, मीडियम, लो. तिथे गुणाकार नाही, एक तक्ता आहे. तो आधी तीव्रता बघतो, मग शक्यता, मग सापडणं. त्या तक्त्यात तुमची नटची ओळ (9, 2, 5) मीडियममध्ये येते, आणि ओरखड्यांची (5, 6, 6) सुद्धा मीडियममध्येच. दुप्पट फरक वाटत होता तो तिथेच संपला. तुमच्या कस्टमरकडे कुठली पद्धत चालते ते आधी विचारून घ्या. अजून जुनाच फॉर्म चालत असेल तर आरपीएनचा रकाना राहू द्या, पण कामाचा क्रम त्यावरून लावू नका.

आता मी तुमच्या 5 वर बोट ठेवणार आहे. रागावू नका.

नटचा वेल्ड कच्चा असेल तर तुमच्या शॉपमध्ये तो कसा सापडतो? पुश-आउट टेस्टने. ती टेस्ट करताना पीस फुटतो, म्हणून ती नमुन्यावरच होते. पाळीला एक किंवा दोन पीस. बाकीच्या शेकडो पिसांचं काय? ते मामा डोळ्यांनी बघतात, फार तर हातोडीने एक टिचकी मारतात. आणि कोटिंग झाल्यावर वेल्ड दिसतही नाही. डोळ्यांच्या तपासणीला जुन्या मॅन्युअलच्या तक्त्यातही 7 किंवा 8 मिळतात, आणि अधूनमधून नमुना तपासण्याला त्याहून वाईट. 5 हा आकडा गेजने मोजता येणाऱ्या गोष्टीला शोभतो. तुमच्याकडे तो कुणी फसवायला टाकला असं नाही, "टेस्ट आहे ना आपल्याकडे" या समाधानातून तो येतो. तो 7 करा. गुणाकार 126 होतो, म्हणजे मालकांच्याच नियमाने ओळ वर आली. आणि 2019 च्या तक्त्यात 9, 2, 7 म्हणजे थेट हाय.

आता शक्यतेचा 2. दोन वर्षांत एकही तक्रार नाही, एकही टेस्ट फेल नाही, म्हणून 2. इथे थोडं थांबून हिशेब करू या, कारण इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर माझं ठाम मत झालंय, की सगळ्यात जास्त फसवणूक याच रकान्यात होते.

पाळीला एक टेस्ट, दिवसाला दोन पाळ्या, वर्षाला साधारण 300 दिवस धरले तर दोन वर्षांत 1200 टेस्ट झाल्या. सगळ्या पास. यावरून वेल्ड किती चांगला असं म्हणता येतं? संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा नियम आहे. सलग इतक्या तपासण्यांत एकही खराब निघाला नाही, तर 3 भागिले ती संख्या. खराबीचं खरं प्रमाण तेवढ्यापर्यंत असू शकतं, आणि हे आपण 95 टक्के खात्रीने म्हणू शकतो. 3 भागिले 1200 म्हणजे 400 मध्ये एक. तुमच्या सगळ्या टेस्ट पास होऊनही 400 ब्रॅकेटमागे एक कच्चा नट असण्याची शक्यता तुमचा रेकॉर्ड फेटाळू शकत नाही. 400 मध्ये एक आहे असं मी म्हणत नाही. तुमच्याकडचा कागद "नाही" म्हणायला पुरत नाही, एवढंच.

तेही, नमुना कुठूनही, कसाही उचलला असेल तरच. प्रत्यक्षात तो कधी घेतला जातो? बहुतेक शॉपमध्ये पाळी सुरू होताना, फर्स्ट पीस म्हणून. त्याच्या आधी काय झालेलं असतं? इलेक्ट्रोड (नट दाबून करंट देणारं टोक) ड्रेस केलेला, म्हणजे घासून सपाट केलेला असतो, सेटिंग बघितलेलं असतं, सेटर शेजारी उभा असतो. म्हणजे अख्ख्या पाळीतला सगळ्यात चांगला वेल्ड आपण तपासतो आणि त्यावरून सबंध पाळीचा दाखला देतो. इलेक्ट्रोडवर नटच्या प्रोजेक्शनचे मार बसून बसून खड्डे पडतात, ते पाळीच्या शेवटाला. मग नट सरळ टेकत नाही, तीनपैकी दोनच प्रोजेक्शन नीट वितळतात, आणि नट बाहेरून अगदी व्यवस्थित बसलेला दिसतो. टेस्ट घ्यायची तर तेव्हा, इलेक्ट्रोड ड्रेसिंगला काढायच्या आधीच्या शेवटच्या पिसावर. हा एक बदल केलात की तुमच्या टेस्टला पहिल्यांदा अर्थ येईल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे: सप्लायर बदलल्याने फरक पडतो, आणि मोठा पडतो. प्रोजेक्शनची उंची, तिन्ही प्रोजेक्शनची एकमेकांशी समानता, नटवरचं प्लेटिंग, तेल, यांपैकी काहीही बदललं तर जुन्या करंटला आणि जुन्या प्रेशरला वेल्ड वेगळा होतो. मार्चच्या आधीचा रेकॉर्ड हा जुन्या नटचा रेकॉर्ड आहे. नव्या नटसाठी तुमच्या 1200 टेस्ट धरता येत नाहीत. नव्या नटवर सेटिंगच्या ट्रायल झाल्या होत्या का, कस्टमरला कळवलं होतं का, हे आजच तपासा. कळवलं नसेल तर ऑडिटमध्ये तोच मुद्दा सगळ्यात आधी निघेल, आणि निघायलाही हवा. तोवर शक्यतेच्या रकान्यात 2 लिहायला तुमच्याकडे आधार नाही. मी 4 लिहिला असता आणि नव्या नटचा डेटा साठला की बदलला असता.

तीव्रतेच्या 9 ला मात्र हात लावू नका, आणि कुणाला लावूही देऊ नका. तीव्रता आपल्या शॉपमध्ये ठरत नाही, तो पार्ट गाडीत काय काम करतो त्यावरून ठरते. ड्रॉइंगवर वेल्ड स्ट्रेंथला स्पेशल कॅरॅक्टरिस्टिकचं, म्हणजे खास जपायच्या गुणधर्माचं, चिन्ह आहे का बघा. नसेल तर कस्टमरच्या इंजिनियरला सरळ मेल करून विचारा: हा नट निकामी झाला तर गाडीत काय होतं? असेंब्लीवर बोल्ट आवळतानाच नट फिरला तर लाईन थांबते, आपल्या नावाने बोंब होते, डेबिट येतो, पण ती गाडी बाहेर जात नाही. भीती त्या नटची आहे जो आवळताना कसाबसा टिकतो आणि रस्त्यावर सुटतो. घरात भाजी करपण्याची शक्यता रोजची आणि गॅस गळण्याची क्वचितची, म्हणून कुणी रेग्युलेटर तपासायचं सोडून कढईपाशी उभं राहत नाही. तीव्रता 9 किंवा 10 असलेल्या ओळी वेगळ्या काढा, बाकी आकडे काहीही असोत. तुमच्या 64 मध्ये अशा फार तर पाच-सहा निघतील. त्या आधी वाचून संपवा, मग उरलेल्यांकडे वळा.

आता मामांकडे येऊ. तुमच्या सबंध पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाक्य त्यांचं वाटलं. "मशीन कधीकधी दगा देतं." मॅडम, ही एफएमईएची ओळ आहे. फक्त ती अजून पूर्ण लिहिलेली नाही. 'कधीकधी' म्हणजे कधी आणि 'दगा' म्हणजे काय, एवढं कळलं की तुमचं अर्धं काम झालं.

ते तुम्हाला ऑफिसात बोलावून कळणार नाही. कॉन्फरन्स टेबलवर मामा म्हणतील, "सगळं बरोबर आहे." त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहा, हातात फॉर्म न घेता, पाळी बदलते त्या वेळी. "चूक कशी होते?" असं विचारू नका, त्या शब्दाने माणूस मिटतो. असं विचारा: ठिणग्या कधी जास्त उडतात? कुठल्या वेळी तुम्ही नट परत ठोकून बघता? शेजारची मोठी प्रेस चालू झाली की हवा कमी पडते का? गुरुवारच्या सुटीनंतर शुक्रवारी सकाळी पहिले पीस कसे येतात? गणपतीत, दिवाळीत तुम्ही गावी गेलात की मशीनवर कोण उभं राहतं? नट उलटा बसतो का, आणि बसला तर तुम्हाला कळतं कशावरून?

मला वाटतं उत्तर बहुधा हवेत सापडेल. एकाच कॉम्प्रेसरवर सगळी लाईन असली, की दोन मोठ्या मशीन एकदम हवा ओढतात तेव्हा वेल्डिंगच्या सिलेंडरचं प्रेशर खाली येतं. इलेक्ट्रोडचा दाब कमी झाला, करंट मात्र तेवढाच. धातू दाबला जाण्याऐवजी ठिणग्या होऊन उडतो. दोन मिनिटांनी प्रेशर पुन्हा जागेवर, मशीन पुन्हा शहाण्यासारखं. गेज बघायला तुम्ही याल तोवर सगळं ठीक. मामांच्या भाषेत त्यालाच दगा म्हणतात. माझा अंदाज चुकीचाही असू शकतो, शॉप तुमचं आहे. पण जे काही निघेल ते असंच ठोस असेल. तुमच्या फॉर्ममध्ये कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटरची चूक' असं किती ठिकाणी लिहिलंय ते मोजा. त्यातली प्रत्येक ओळ अर्धवट आहे. आणि उपायाच्या रकान्यात 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं' असं जिथे आहे तिथे प्रत्यक्षात काहीही झालेलं नाही.

मामांना एक शब्द द्या आणि तो पाळा: तुम्ही जे सांगाल त्यावर तुमचं नाव येणार नाही, आणि त्यासाठी कुणाला मेमो मिळणार नाही. मालकांकडून हे आधी वदवून घ्या. हे जमलं नाही तर पुढचं सगळं करूनही कागद कोराच राहील, असं मी अगदी जबाबदारीने सांगतो.

आता दीड लाख. आधी शक्यता कमी करण्यावर खर्च करा, मग सापडण्यावर. उलटं केलं तर खराब माल तेवढाच बनत राहतो, आपण फक्त तो शोधायला एक माणूस वाढवतो. आकडा खाली आणायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे शेवटी एक इन्स्पेक्टर बसवणं आणि सापडण्याचा रकाना 7 वरून 5 करणं. हा मार्ग तुम्हाला कुणीतरी सुचवेलच.

हवेचंच निघालं तर वेल्डिंग मशीनच्या लाईनवर प्रेशर स्विच बसवा, ठरावीक प्रेशरच्या खाली मशीन वेल्ड मारणारच नाही असं इंटरलॉक करून. हे काही हजारांचं काम आहे. जोडीला मशीनजवळ एक एअर रिसीव्हर (हवा साठवायची टाकी), म्हणजे शेजारच्या प्रेसने हवा ओढली तरी इथे झटका बसणार नाही. दुसरं, वेल्डचा काउंटर: ठरलेले वेल्ड झाले की मशीन थांबेल आणि इलेक्ट्रोड ड्रेस केल्याशिवाय चालू होणार नाही. तो ठरलेला आकडा मात्र अंदाजाने घालू नका. दर काही वेल्डनंतर पीस फोडत जा, ताकद कुठे उतरायला लागते ते कागदावर मांडा आणि त्या आकड्याच्या बऱ्याच अलीकडे थांबा. तिसरं, नट उलटा किंवा नटच नाही, यासाठी लोकेटिंग पिन आणि वरच्या इलेक्ट्रोडची उंची बघणारा सेन्सर. नट नसेल किंवा उलटा असेल तर इलेक्ट्रोड वेगळ्या उंचीवर थांबतो, मशीनला ते कळतं, आणि ते वेल्ड मारत नाही. जपानी लोक ज्याला पोका-योके म्हणतात ते हेच. चूक करताच येऊ नये अशी जागा. यातलं काय आधी ते मामांच्या उत्तरावरून ठरवा, माझ्या यादीवरून नाही.

यातून पैसे उरतात, आणि ओरखड्यांवर फार पैसे लागतही नाहीत. चार तक्रारी म्हणजे मालकांच्या दृष्टीने खरा त्रास आहे, त्यांची घाई मला कळते. कोटिंगहून माल येतो त्या क्रेटमध्ये पीस एकावर एक टाकले जातात का, हे बघा. बहुतेक वेळा ओरखडे कोटिंगमध्ये पडत नाहीत, टेम्पोत पडतात. मध्ये सेपरेटर आणि क्रेटमध्ये किती पीस याचा आकडा ठरवून दिला, की तक्रारी बऱ्याच उतरतील. हे काम एका आठवड्यात होण्यासारखं आहे आणि मालकांना त्याचा परिणाम लगेच दिसेल. नटच्या कामासाठी त्यांचं मन वळवायला त्याचा उपयोगच होईल.

बाकीच्या 62 ओळींवर मी फार बोलत नाही. त्यातल्या कितीतरी जुन्या पार्टच्या फाइलवरून आल्या असतील. जी क्रिया तुमच्या शॉपमध्ये होतच नाही तिची ओळ काढून टाका.

मालकांशी बोलताना हँडबुकमधली एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. हाय आलेल्या ओळीवर काहीतरी करावं लागतं, नाहीतर आहे तेच पुरेसं का आहे हे लेखी द्यावं लागतं. आणि तीव्रता 9 किंवा 10 असेल तर हाय आणि मीडियम अशा दोन्ही ओळी मॅनेजमेंटने स्वतः बघाव्यात अशी शिफारस आहे. म्हणजे नटची ओळ त्यांच्यासमोर नेणं हे पद्धतीला धरूनच आहे. "साहेब, ही ओळ आपण बघितली असं लागतं, इथे सही करा," एवढंच म्हणा. सही करायच्या आधी माणूस ओळ वाचतो.

ते म्हणतील, आजवर काही झालं नाही. हे वाक्य फार मोठमोठ्या ठिकाणी बोललं गेलंय. चॅलेंजर यानाच्या बूस्टरमधले रबरी ओ-रिंगचे सांधे नासाच्या गंभीर बाबींच्या यादीत होते. 1982 च्या अखेरीस तर ते 'याला पर्यायी आधार नाही' अशा सर्वांत वरच्या वर्गात टाकले गेले. म्हणजे यादी बरोबर होती. त्यानंतर सवलती देत उड्डाणं चालू राहिली. रिंग जळाल्याच्या खुणा परत आलेल्या बूस्टरवर दिसत होत्या, आणि तरी यान सुखरूप येतंय म्हणून ते चालण्यासारखं मानलं गेलं. 28 जानेवारी 1986 ला, कडाक्याच्या थंडीत, उड्डाणानंतर 73 सेकंदांत सात जण गेले. चौकशी आयोगातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी शक्यतेचा आकडा लोकांना विचारून बघितला होता. काम करणारे इंजिनियर शंभरात एक म्हणत, व्यवस्थापन लाखात एक. तुमच्या 2 चा आणि मामांच्या 'कधीकधी'चा वाद त्याच जातीचा आहे. अशा वेळी मशीनजवळ उभा असणाऱ्याच्या आकड्याकडून सुरुवात करावी आणि डेटा मिळेल तसा तो बदलावा, असं माझं मत आहे.

"आकडे खाली आणा" याला सरळ नाही म्हणा, पण भांडू नका. ऑडिटरला 100 च्या वरचा आकडा बघून धक्का बसत नाही. तो ओळीसमोर काम, जबाबदार माणूस आणि तारीख आहे का बघतो. मग तो कंट्रोल प्लॅन (कुठे काय आणि कसं तपासायचं याचा तक्ता) उघडतो आणि तिथे तेच लिहिलंय का बघतो. मग मशीनवर जातो आणि मामांना विचारतो. या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट निघाली तर 126 असो की 180, तुम्ही सुरक्षित आहात. न बदललेल्या मशीनसमोर बदललेला आकडा मात्र अनुभवी माणसाला दोन प्रश्नांत सापडतो, आणि मग तो उरलेल्या 63 ओळींवरही विश्वास ठेवत नाही. मालकांना हे व्यवहाराच्या भाषेत सांगा, ते समजतील.

ऑडिटपर्यंत स्विच, सेन्सर आले नाहीत तरी चालेल, ऑर्डर दिलेली आणि तारीख घातलेली असू द्या. तोवर एक गोष्ट तुमच्या हातात आहे. ड्रेसिंगच्या आधीचा शेवटचा पीस फोडायचा, आणि तो पास होईपर्यंत त्या पाळीचे क्रेट टॅग लावून वेगळे ठेवायचे, कोटिंगला सोडायचे नाहीत. फेल गेला तर मागच्या पास टेस्टपासूनचा सगळा माल संशयित धरायचा आणि आधी कस्टमरला फोन करायचा. याला ना बजेट लागतं ना मंजुरी, क्वालिटीच्या अधिकारातलं काम आहे. येत्या शुक्रवारच्या पहिल्या पाळीपासून सुरू करा, आणि नव्या नटवर पहिल्या महिन्यात काय आकडे आले ते मला नक्की कळवा.